नीलांबरी रायफल घ्यायला गेली तेव्हा

नीलांबरी देशमाने स्वस्थ बसली आहे, असं दृश्य जर्मनीतल्या हेर्त्सोगेनआउराखमध्ये आजवर कुणी पाहिलेलं नाही. एकतीस वर्षं ती बुटांच्या कंपनीत तळवे तपासत होती. तळवा यंत्रात अडकवायचा, हजारदा वाकवायचा आणि तडा कुठे जातो ते बघायचं. यंत्र चालू असताना बाकीचे कॉफी प्यायचे, ही यंत्राभोवती येरझाऱ्या घालायची. निवृत्त झाली आणि वर्षभरात परीक्षा देऊन शिकारीचा परवाना घेऊन आली. साताऱ्याहून धाकटी बहीण कुसुम फोनवर किंचाळलीच, "अगं, झुरळ दिसलं की स्टुलावर चढणारी तू! तू रानडुकरं मारणार?"

"झुरळ अंगावर उडतं," नीलांबरी म्हणाली. "डुक्कर उडत नाही."

दर नोव्हेंबरात गावाबाहेरच्या जंगलात हाका होतो. मक्याची शेतं नांगरून टाकणारी डुकरं हाकारे उठवतात, शिकारी नेमून दिलेल्या जागी उभे राहतात. पाच वर्षं नीलांबरीलाही जागा होती. मग उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि तिच्या रायफलचा धक्का खांद्याला सोसेना. गेल्या वर्षी हाक्याचा प्रमुख गोड हसून म्हणाला, "फ्राऊ देशमाने, यंदा तुम्ही सूप वाढा." तिने बावीस जणांना हसतमुखाने सूप वाढलं आणि गाडीत बसून ढसाढसा रडली.

यंदा तिला जागा हवी होती. त्यासाठी नेमबाजीच्या मैदानावरून या वर्षीचा दाखला आणायचा होता. हाका शनिवारी, आणि आज मंगळवार उजाडला होता. सेमी-ऑटोमॅटिक रायफल पुढचं काडतूस आपणच भरते आणि गोळीचा थोडा जोर त्यातच खर्च होतो, त्यामुळे खांद्याला धक्का कमी बसतो. नवी मागवली तर यायला दीड महिना लागणार. म्हणून ब्याऐंशी वर्षांच्या हेर लेनर्ट, म्हणजे लेनर्टसाहेबांनी, विकायला काढलेली पन्नास वर्षांची जुनी रायफल बघायला ती निघाली होती.

गाडी कुहू, तिची मुलगी, चालवत होती. आईचं मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमध्ये यायचं.

"पाय हलवणं थांबव ना," कुहू म्हणाली. "अख्खी गाडी हलतेय."

"गाडीच जुनी आहे तुझी."

हेर लेनर्ट मैदानावर आधीच येऊन बसले होते. त्यांनी तिचा परवाना मागितला, डोळ्यांना अगदी चिकटवून वाचला आणि मगच पेटी उघडली. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, आणि जिथे हात नेहमी पडायचा तिथे पोलादाचा काळा रंग उडून गेलेला. नीलांबरीने रायफल उचलली आणि ती तिला आवडून गेली.

"दरवेळी साफ करावी लागते," ते म्हणाले. "नाही केली की रुसते. भरायच्या तीनच गोळ्या, जास्त नाही. झाडून बघा."

मैदानावर देखरेख करणाऱ्या गृहस्थांनी बटण दाबलं. पन्नास मीटरवर लाकडी चौकटीत बसवलेलं कागदी रानडुक्कर आडोशातून निघून मोकळ्या जागेतून धावू लागलं. धाड, धाड, धाड! खांद्याला कुणीतरी नुसती थाप मारावी तसं वाटलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच दुखलं नव्हतं. नीलांबरी टाळ्यांची वाट बघणाऱ्या नटीसारखी वळली.

लेनर्ट टाळ्या वाजवत नव्हते. "मला लांबचं दिसत नाही," ते कुहूला म्हणाले. "तू दुर्बिणीतून सांग, कुठे लागल्या?"

"पहिली छातीत. अगदी बरोबर. दुसरी पोटात. तिसरी... तिसरी चौकटीच्या लाकडात."

म्हाताऱ्याने रायफल मागून घेतली, रिकामी आहे ना ते बोटाने चाचपलं आणि पेटीत ठेवली. "माफ करा, फ्राऊ देशमाने. मी विकत नाही."

"का? पहिली लागलीच की!"

"म्हणूनच. मग उरलेल्या दोन कुणासाठी होत्या? मी ऐकलं ना, तिन्ही एका श्वासात. शनिवारी त्या लाकडाच्या जागी हाकारा असेल."

नीलांबरी तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली. वळून दारापर्यंत गेली, परत आली. पुन्हा दारापर्यंत गेली.

"माझ्या आधीच्या रायफलने दुखायचं," शेवटी नीलांबरी म्हणाली. "एक झाडली की डोळ्यांत पाणी यायचं. म्हणून मी थांबायची. मला वाटायचं, मला थांबता येतं."

लेनर्टनी रायफल पुन्हा तिच्या हातात दिली आणि खिशातून एकच काडतूस काढून मेजावर ठेवलं.

डुक्कर निघालं. नीलांबरीने नळी त्याच्याबरोबर फिरवली, पण नळी जरा मागे पडली. डुक्कर पार गेलं. तिने गोळी झाडली नाही.

"आता काय झालं?" कुहूने विचारलं.

"उशीर झाला. नेम मागे राहिला होता."

लेनर्टनी डुक्कर परत पाठवायची खूण केली. या वेळी एकच धाड. नीलांबरीने नळी खाली केली आणि वाट बघितली. तिचा डावा पाय सवयीने हलायला बघत होता, पण ती जागची हलली नाही.

"कुठे?" त्यांनी विचारलं.

"छातीत. चार बोटं मागे."

"तीन," कुहू दुर्बिणीतून म्हणाली.

पुढच्या गोळ्या तिने अशाच एकेक झाडल्या. देखरेखीच्या गृहस्थांनी दाखल्यावर शिक्का मारला. लेनर्टनी विक्रीचा कागद काढला. सही कुठे करायची ते त्यांना दिसेना, म्हणून कुहूने रेघेवर बोट ठेवलं.

नीलांबरी पेटीला कुलूप लावत होती. तिने एकदा लावलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं.

"हेर लेनर्ट, शनिवारी माझ्याबरोबर उभे राहाल?"

"मला दिसत नाही म्हटलं ना."

"मला दिसतं. तुम्ही फक्त ऐका. दुसरी गोळी उगाच झाडावीशी वाटली, तर बाही ओढा."

"थंडीत माझे गुडघे धरतात." त्यांनी टोपी डोक्यावर चढवली, काढली, पुन्हा चढवली. "किती वाजता?"

"आम्ही साडेसातला घ्यायला येतो," कुहू म्हणाली.