कावेरीचा नंबर

वडवणीत राजेश्वरचं कटलरीचं दुकान माझ्या फळांच्या गाड्याला लागूनच आहे. लिंगायताचं घर, माणूस सरळ, वय चाळिशीकडे झुकलेलं आणि लग्न नाही. टिकल्या-बांगड्या घ्यायला गावभरच्या बाया येतात, पण पोरगी कुणी देत नाही. सगळ्यांना पुण्यात नोकरीवाला जावई पाहिजे. मुलगी बघायला जाताना सोबत त्याचा लहानपणचा दोस्त आदिनाथ असायचा. नकार आला की राजेश्वर जेवणच सोडायचा.

मग मोबाईलवर कावेरी आली. धर्मापुरीची, त्यांच्याच समाजाची. फोनवर बोलायची नाही, घरचे ऐकतात म्हणे, नुसते मेसेज. गडी पार बदलला. रोज दाढी, शर्टाला इस्त्री. मी चिडवायचो, तो लाजायचा.

शेवटी त्यानंच हट्ट धरला आणि अंगारकीला लिंबागणेशच्या गणपतीच्या देवळात भेटायचं ठरलं. साडी घेतली, आदिनाथला सोबत नेलं. संध्याकाळी गर्दी पांगली तरी ती आली नाही. दुसऱ्या दिवसापासून नंबर बंद.

"चाँदभाई, घरच्यांनी मारलं आसंल तिला," तो म्हणायचा.

मला फसवणुकीचा वास आला होता, पण ऐकतो कोण? मीच त्याला बीडला सायबर पोलिसांकडे नेलं.

"किती पैसे गेले?" हवालदारानं विचारलं.

"पैसे न्हाई गेले, साहेब. ती सापडली पायजे."

आठवड्यानं पुन्हा बोलावलं. बघतो तर समोर आदिनाथ, मान खाली घालून. कावेरीचा नंबर त्याच्याच नावावर होता.

"कुनी पैशासाठी करतं, कुनी सूड म्हनून, कुनाला नुसती खोड आसते," हवालदार म्हणाला. "तू कावून केलंस बे?"

"ह्यो जेवत नव्हता, साहेब. म्हनलं, दोन शब्द गोड बोलावं. तर हसाया लागला. मनातलं सगळं तिला सांगायचा. मला कदीच सांगितलं न्हवतं त्यानं. मग मला बंदच करता येईना."

मला त्याची दया आली नाही. देवळात हाच राजेश्वरशेजारी साडीची पिशवी धरून बसला होता. मधूनच पाणी आणायला म्हणून उठायचा आणि आडोशाला जाऊन 'निघालेय' असा मेसेज टाकायचा, हे त्यानंच कबूल केलं. आपल्या शब्दावर एक माणूस हसतो, दाढी करतो, वाट बघतो, ह्याची चटक लागली होती त्याला. ती पैशाच्या चटकेपेक्षा वाईट. माझ्या हातात असतं तर तिथंच थोबाडलं असतं.

"गुन्हा नोंदवायचा ना?" हवालदारानं राजेश्वरला विचारलं.

त्याचं लक्षच नव्हतं. तो खुर्ची ओढून आदिनाथजवळ सरकला.

"मी देवळात वाट बघत होतो," तो हळूच म्हणाला, "तवा तिला काय वाटत होतं रे?"

आदिनाथनं मान वर केली.

"लई वाईट वाटत होतं तिला."

राजेश्वरनं मान हलवली. मग हवालदाराला म्हणाला, तक्रार करायची नाही.