कोपराचं वजन

तिसाव्यांदा मी ट्रे बाहेर ढकलला. तिसाव्यांदा तो टक् आवाज करून जागेवर थांबला. ट्रेवर पाण्याने भरलेले दोन कप होते. एक थेंब सांडला नाही.

खरं तर मला हायसं वाटायला हवं होतं. पण एका जागी उभं राहवत नव्हतं. आदल्या दिवशी, रविवारी सकाळी, याच ट्रेवरून गरम कॉफी गाडीतल्या एका बाईंच्या हातावर सांडली होती. हातावर फोड आले होते. आणि सोमवारी ट्रे शहाण्यासारखा वागत होता.

लोणावळ्याच्या अलीकडे, जुन्या हायवेला लागून, हे ड्राइव्ह-थ्रू आहे. म्हणजे गाडीतून न उतरता खिडकीपाशी गाडी लावायची, कॉफी-बर्गर घ्यायचा आणि पुढे जायचं. कागदावर सोपं वाटतं. प्रत्यक्षात गाडी कधीच खिडकीला खेटून उभी राहत नाही. मध्ये कठडा असतो, पावसाच्या पाण्याची गटार असते आणि आरसा घासेल ही धास्ती असते. दीड-दोन फूट अंतर उरतंच. मग खिडकीतल्या माणसाला कमरेपर्यंत बाहेर वाकून सामान द्यावं लागतं. दिवसभर असं वाकून तिथल्या बायकांचे खांदे धरायचे. म्हणून आमच्या तळेगावच्या फॅब्रिकेशन कंपनीने हा पुढे सरकणारा ट्रे बनवला. स्वयंपाकघरातला ड्रॉवर असतो, तसाच. फक्त तो भिंतीतून बाहेर, गाडीच्या दिशेने उघडतो. पूर्ण बाहेर गेला की खालची एक पिन खाचेत बसते आणि ट्रे लॉक होतो. आतली मूठ दाबली की पिन सुटते आणि स्प्रिंग ट्रेला आत ओढून घेते.

ट्रेचं डिझाइन माझं. त्यामुळे तपासायलाही मलाच पाठवलं होतं.

"काय निघालं, वृंदा?" आमच्या बापट साहेबांचा फोन आला. हा सकाळपासूनचा चौथा.

"अजून काही नाही, सर."

"काही नाही म्हणजे ट्रे ओके आहे. ऑपरेटर एरर लिही आणि निघ. पाचपर्यंत रिपोर्ट हवाय त्यांना."

ऑपरेटर एरर म्हणजे यंत्र बरोबर, चालवणारा चुकला. आमच्या धंद्यातला हा सगळ्यात सोयीचा शब्द.

तिथला मॅनेजर महेश माझ्यामागे उभाच होता. तिशीचा, इस्त्रीचा शर्ट, कानात ब्लूटूथ. तोही तेच म्हणाला. "मॅडम, बाईने झटका दिला असणार. गर्दीत होतं असं. तुम्ही लिहून दिलंत की मला तिला काढता येईल. वरून प्रेशर आहे."

"त्या आहेत कुठे?"

"मागे बसल्यात. ड्यूटी बंद केलीय त्यांची."

सुनंदाताई मागच्या दाराशी, रिकाम्या दुधाच्या क्रेटवर बसल्या होत्या. चाळिशीच्या असतील. टाकवे बुद्रुकहून रोज सहाच्या आत इथे पोहोचायच्या. ट्रे बसवला तेव्हा मी त्यांना भेटले होते. तेव्हा दुकानाचा टीशर्ट, टोपी आणि गिऱ्हाइकांसाठी शिकवलेलं 'गुड मॉर्निंग सर' होतं. आज अंगावर साधी साडी होती. युनिफॉर्म काढून घेतला होता.

"सुनंदाताई, काल काय झालं?"

"सांगून काय उपेग न्हाई, मॅडम. समद्यांचं ठरलंय."

"माझं ठरलेलं नाही."

हे मी बोलले खरं, पण ते पूर्ण खरं नव्हतं. माझंही अर्धं ठरलंच होतं. तीस वेळा तपासून झालं होतं.

त्यांनी क्रेटवर सरकून माझ्याकडे तोंड केलं. "म्या जोरात न्हाई ढकलला. ट्रे भाईर गेला, टक् वाजलं, म्या हात सोडला. फुडल्या कपाचं झाकण लावाय लागले. तवर फाट् दिशी आवाज आला आन् ती बाई वरडली. बघितलं तर ट्रे आत आलता."

"आपोआप?"

"व्हय. याच्या आदीबी तीन-चारदा आलाय. तवा बर्गर व्हते, सांडाय काय नव्हतं. महेश सरांला सांगितलं म्या. ते म्हनले, हळू ढकलत जा."

मी महेशकडे सीसीटीव्ही मागितला. तो म्हणाला, त्यानं बघितलाय, त्यात गाडी दिसतच नाही. बरोबर होतं. कॅमेरा आतल्या बाजूला, गल्ल्यावर लावलेला. पण सुनंदाताईंचे हात दिसत होते. त्यांनी ट्रे ढकलला, मूठ सोडली, वळल्या, नवा कप घेतला, झाकण उचललं. दोन्ही हात कपावर असताना त्या दचकून मागे वळल्या. म्हणजे सांडण्याच्या क्षणी त्यांचा हात ट्रेवर नव्हताच. महेशने पहिला ढकलण्याचा तुकडा बघून व्हिडिओ बंद केला होता.

मी ते चार वेळा पाहिलं. मग परत खिडकीपाशी गेले. आता ट्रेवर वजन ठेवून पाहिलं. पाण्याच्या बाटल्या, साखरेचं पाकीट, सॉसचे डबे. मध्यभागी, डावीकडे, उजवीकडे. ट्रे जागचा हलेना. घड्याळात पावणेबारा झाले. पाचवा फोन मी उचलला नाही.

एकच माणूस उरलं होतं, ज्याने ट्रे बाहेरच्या बाजूने पाहिला होता. भाजलेल्या बाई पुण्याच्या होत्या आणि तुंगार्लीत एका बंगल्यावर दोन दिवसांसाठी उतरल्या होत्या. पत्ता तक्रारीच्या फॉर्मवर होता. महेश म्हणाला, "मॅडम, तिकडे जाऊ नका. माफी मागायला आलात असं समजतील." मी गाडी काढली.

गेटवर त्यांचे यजमान आले. मी कुठून आले ते सांगितलं तसा त्यांचा आवाज चढला. "माफीपत्र आणलंय का? त्या बाईला काढलं का?"

"ते ठरवायच्याच आधी आलेय. मला एक प्रश्न विचारायचाय, तुमच्या मिसेसना."

शुभदाताई व्हरांड्यात बसल्या होत्या. शाळेत शिकवतात असं फॉर्मवर लिहिलं होतं. उजव्या हाताला बँडेज होतं, तो हात त्यांनी उशीवर ठेवला होता. तो पाहून मी मनातलं वाक्य बाजूला ठेवलं. वाटेत मी ते दहा वेळा जुळवलं होतं.

"गाडी तुम्ही चालवत होतात?"

"हो. आमची छोटी गाडी आहे. मीच चालवते."

"ट्रे तुमच्यासमोर आला तेव्हा तुमचा हात कुठे होता? आठवेल तसं सांगा."

त्यांनी डोळे मिटले. डावा हात उचलून हवेत स्टिअरिंग धरलं, मग उजवं कोपर, बँडेजसकट, हळूच बाहेरच्या बाजूला नेलं. "मी काच खाली केली. कप घ्यायला बाहेर वाकले. कोपर... कोपर टेकवलं मी. ट्रेच्या कडेवर. पुण्याहून गाडी चालवत आले होते, हात भरून आला होता." त्यांनी डोळे उघडले. "म्हणजे चूक माझी, असं म्हणायला आलात का?"

"नाही," मी म्हणाले. "चूक ट्रेची आहे, असं वाटायला लागलंय."

यजमान काहीतरी बोलणार होते. शुभदाताईंनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. मला म्हणाल्या, "त्या खिडकीतल्या बाई फार घाबरल्या होत्या. त्यांनीच आधी पाणी ओतलं माझ्या हातावर. हेही लिहा कुठेतरी."

परत आल्यावर मी महेशला सांगितलं, लेन दहा मिनिटं बंद कर आणि खिडकीत सुनंदाताईंना उभं कर. तो नाही-हो करत राहिला. मी गाडी रांगेत आणून उभी केली तेव्हा त्याने मधे प्लास्टिकचा कोन ठेवला आणि त्यांना बोलावलं.

लाज वाटते सांगायला. हा ट्रे मी बनवला, बसवला, त्याच्या चाचण्या घेतल्या. पण गाडीत बसून तो माझ्यासमोर येताना मी कधी पाहिलाच नव्हता. कायम आतल्या बाजूने पाहिला होता.

"ढकला, सुनंदाताई."

ट्रे आला. टक्. कपात गार पाणी होतं. मी काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. काही ठरवावं लागलंच नाही. माझ्या छोट्या गाडीच्या खिडकीची कड आणि ट्रेची कड एकाच उंचीवर होती. कोपर आपसूक ट्रेवर गेलं. मी अंगाचा भार थोडा पुढे टाकून कपाकडे हात नेला.

फाट्. ट्रे कोपराखालून निसटून भिंतीत गेला. कप जागच्या जागी कलंडला आणि पाणी माझ्या मांडीवर आलं.

"ह्योच आवाज," सुनंदाताई म्हणाल्या. त्या हसल्या नाहीत. मूठ सोडून त्यांनी दोन्ही हात वर धरले होते, मला दिसावेत म्हणून.

महेश खिडकीत आला. "परत करा."

पाच वेळा केलं. तीन वेळा ट्रे सुटला.

कारण शाळेतल्या पोराला कळेल इतकं साधं होतं. ट्रे बाहेर असताना त्याच्या पुढच्या टोकावर भार आला की मागचं टोक किंचित वर उचलतं, झोक्याच्या फळीसारखं. पिन मागच्या टोकाला होती. टोक उचललं की पिन खाचेतून वर यायची आणि स्प्रिंग ट्रेला आत ओढायची. बाटल्या ठेवून मला ते दिसणार नव्हतं. बाटल्या ट्रेवर बसतात, कडेवर रेलत नाहीत. उंच गाड्यांमधली माणसंही रेलत नव्हती, कारण त्यांची खिडकी ट्रेच्या बरीच वर असते.

पण पिन एवढ्यात सुटायला नको होती. मी मोबाइलवर जुनं ड्रॉइंग उघडलं. आमच्या पहिल्या नमुन्यात पिन दुप्पट खोल होती. तेव्हा मूठ दाबायला जड जाते अशी तक्रार आली. एका दुपारी मी पिन अर्धी करून टाकली. मूठ हलकी झाली, सगळे खूश झाले. चाचण्या मात्र पुन्हा घेतल्या नाहीत. खाली सही माझी होती.

मी ओल्या सलवारीनिशी गाडीतच बसून राहिले. मग बापट साहेबांना फोन लावला.

"सर, सापडलं. पिनची खोली कमी आहे. माझा बदल होता."

ते म्हणाले, "कस्टमरने ट्रेवर कोपर टेकवायचं नसतं. इम्प्रॉपर यूज लिही. तेही खोटं नाही."

"सर, गाडीची काच खाली केली की माणसाचं कोपर बाहेर येतंच. आपण बरोबर त्याच्याखाली फळी दिलीय."

"हाच ट्रे आणखी किती खिडक्यांवर आहे, माहीत आहे ना?"

"माहीत आहे. म्हणूनच सांगतेय. आजच सगळे बंद करायला लागतील."

"नाव तुझं खराब होईल."

"ड्रॉइंगवर आहेच, सर."

त्यांनी फोन ठेवला. रागाने की विचार करायला, ते मला कळलं नाही. नोकरीची तेवीस वर्षं झाली होती आणि स्वतःविरुद्ध रिपोर्ट मी कधी लिहिला नव्हता. महेशच्या टेबलावर बसून लिहिला. सीसीटीव्हीतले हात, शुभदाताईंचं म्हणणं, पाचपैकी तीन वेळा सुटलेला ट्रे, पिन, माझी सही. आणि ऑपरेटरने भाजलेल्या हातावर लगेच पाणी ओतलं, हेही. साडेचारला पाठवला. परत वाचला नाही. वाचला असता तर शब्द मऊ केले असते.

त्या संध्याकाळी सगळ्या खिडक्यांवरचे ट्रे बंद झाले. बापट साहेबांनीच फोन फिरवले, हे मला दुसऱ्या दिवशी समजलं. नवी पिन खोल आहे, मागचं टोक वर येऊ नये म्हणून त्यावर एक पट्टी आली, आणि स्प्रिंगच्या जागी हळू सरकवणारा डँपर. ट्रे सुटलाच तरी आता आळसटल्यासारखा आत जातो. हे सगळं व्हायला तीन आठवडे गेले. तेवढे दिवस खिडकीतल्या बायका परत कमरेतून वाकून सामान देत होत्या. त्याचा हिशेबही माझ्याच नावावर आहे.

माझ्याकडून नव्या डिझाइनचं काम काढून घेतलं. सहा महिने मी इतरांची ड्रॉइंग तपासली.

सुनंदाताईंना महेशने युनिफॉर्म परत दिला. म्हणाला, "चला, मिटलं." माफीबिफी काही नाही. दुरुस्त ट्रे बसवायला गेले तेव्हा मी माझ्या बाजूची माफी मागितली. त्या ट्रे पुसत होत्या.

"ऱ्हाऊ द्या, मॅडम," त्या म्हणाल्या. "पर येक सांगू? तुमी सकाळधरनं तीस येळा ढकललात. मला बारा वाजता इचारलंत."

बारा नव्हते वाजले, अकरा वाजले होते. मी ते दुरुस्त केलं नाही.

आता कुठल्याही रिपोर्टमध्ये 'ऑपरेटर एरर' लिहायची वेळ आली, की मी आधी ऑपरेटरला विचारते आणि मग गिऱ्हाइकाच्या जागी जाऊन बसते. दोन्ही मिळून अर्धा तास लागतो. हा नियम फार थोर नाही. तो माझ्या चाचणीच्या कागदावर पहिल्यापासून असायला हवा होता, एवढंच.