मानेसरमागचा चढ

हे आजवर माझ्या तोंडून निघालेलं नाही. बायकोपाशी नाही, मुलीपाशी नाही, रोज संध्याकाळी ज्यांच्याबरोबर पार्कात चार फेऱ्या मारतो त्या जोशींपाशीही नाही — आणि जोशींना तर मी माझ्या मूळव्याधीबद्दलसुद्धा सांगितलंय. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. मन हलकं करायचं वगैरे काही डोक्यात नाही. ते होत नाही, असं मी धरूनच चाललोय.

आधीच एक सांगून ठेवतो. मी दिल्लीत केंद्र सरकारच्या एका मंत्रालयात चौतीस वर्षं फायली लिहिल्या. त्यामुळे कुठलीही गोष्ट 'असे निदर्शनास आले आहे की' अशी सांगायची सवय जडलीय — म्हणजे काय झालं ते सगळं येतं, कुणी केलं ते तेवढं गळतं. इथेही तसं होईल. होईल तिथे मला पकडा.

गाडीपासून सुरुवात करतो, ते सोपं आहे. नव्वदचं दशक संपत आलं होतं. आम्ही सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहत होतो. ऑफिसातल्या एकाची चेन्नईला बदली झाली आणि त्याची फोर-व्हील-ड्राइव्ह गाडी मी घेतली. उंच, चौकोनी, दार लावलं की शेजाऱ्यांना कळावं अशी. डोंगर चढायला बनवलेली ही गाडी आमच्याकडे मुलीला शाळेत सोडायची आणि आयएनए मार्केटमधून भाजी आणायची. वर्षभर आम्ही तिच्यातून कोथिंबीर वाहिली.

तिची एक रीत मात्र समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही. एरवी ती मागच्या दोन चाकांच्या जोरावर चाले. चारही चाकांना ताकद हवी असेल तर कामं दोन. आत बसून गिअरशेजारचा छोटा दांडा ओढायचा — समोर हिरवा दिवा लागे. आणि खाली उतरून पुढच्या दोन्ही चाकांच्या मधोमध असलेली गोल चकती हाताने फिरवायची, 'फ्री'वरून 'लॉक'वर. तिला हब म्हणत. हे दुसरं काम झालं नाही तरी हिरवा दिवा लागायचा तसाच लागतो, पण पुढची चाकं नुसती मागच्यांबरोबर फिरतात, ओढत नाहीत. दिव्याला हबचं काही कळत नाही. चालवणारा नवखा असेल तर त्यालाही आतून कळत नाही.

शैला, माझी बायको, गाडी माझ्याहून चांगली चालवायची. हे वाक्य मी आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं — बघा, आभाळ कोसळलं नाही. ती याच गाडीवर शिकली, दोन महिन्यांत, आणि रिंग रोडवर बसच्या शेजारून अशी निघायची की मी दाराची मूठ धरून बसायचो. मला गाडीबद्दल वाचायला आवडायचं. तिला गाडी समजायची. हा फरक मला कळत होता का? चांगलाच कळत होता.

त्या हिवाळ्यात तिने आणि तिच्या ऑफिसातल्या दोन मराठी मैत्रिणींनी एक बेत केला. जूनमध्ये वर डोंगरांत, स्पितीला जायचं, तिघींनीच, आणि गाडी शैलाने चालवायची. कस्तुरबा गांधी मार्गावरच्या एका गेस्ट हाउसात जेवायला गेल्या की तिथे त्यांची खलबतं चालत. घरी नकाशा आणला होता. त्यावर तिने पेन्सिलीने मुक्काम लिहिले होते, आणि घाटांच्या जागी छोटे त्रिकोण काढले होते. चाळिशीच्या उंबरठ्यावरची बाई, आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काहीतरी मागत होती. मला विचारलं तेव्हा मी म्हणालो, "बिल्कुल जा." मनापासून म्हणालो. माझ्यावर विश्वास ठेवा, तेव्हा ते मनापासूनच होतं.

तीच म्हणाली, "आधी बघूया तरी, ही गाडी कुठवर जाते. आणि मी कुठवर जाते." म्हणून फेब्रुवारीतल्या एका रविवारी सकाळी आम्ही दिल्लीबाहेर मानेसरच्या मागे गेलो. कारखाने तेव्हा नुकते उभे राहत होते. त्यांच्या पलीकडे अरवलीच्या टेकड्या, कीकरची, म्हणजे बाभळीची, झाडं आणि एक बंद पडलेली दगडाची खाण. जागा चढ्ढाला माहीत होती. चढ्ढा माझ्याच सेक्शनमधला, त्याची स्वतःची जीप होती, आणि त्या दिवशी त्याचा चुलतभाऊही बरोबर होता. मुलीला शेजाऱ्यांकडे ठेवलं होतं.

आमची एक पद्धत ठरलेली होती. चालवेल त्याने आतला दांडा बघायचा, शेजारी बसेल त्याने उतरून हब बघायचे. चालवणाऱ्याने खिडकीतून विचारायचं — "हब?" — आणि खालच्याने सांगायचं. एवढं साधं.

आधी कोरड्या नाल्यातली वाळू होती. मी गेलो आणि मध्येच रुतलो. चढ्ढाने दोर लावून काढलं. मग शैला गेली. एका लयीत, कुठेही न थांबता, पलीकडे. चढ्ढाने टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

मग खाणीमागचा चढ आला. सुट्या खडीचा, दोन मजल्यांएवढा उंच. मी तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा अर्ध्यावर, जिथे बॉनेट वर उठतं आणि समोर नुसतं आकाश दिसतं, तिथे मी घाबरलो आणि अॅक्सिलरेटरवरचा पाय काढला. गाडी बंद पडायची, मी ब्रेक दाबून कसाबसा मागे यायचो. घाम फुटला होता. उतरलो आणि म्हणालो, "बस, गाडीची लिमिट हीच."

 शैला तो चढ पायी चढून वर गेली. वर उभी राहून खाली बघितलं, मग बाजूच्या वाटेने परत आली, साडीचा पदर खोचलेला, चपलांत खडी. आणि सगळ्यांसमोर, सहज, हिशेब सांगावा तशी म्हणाली, "गाडी चढेल. पाय नाही काढला तर चढेल." मग चढ्ढासाठी तेच हिंदीत सांगितलं. त्याचा चुलतभाऊ माझ्याकडे बघून हसला. फार नाही, थोडासा.

"अच्छा, मग आता मी," शैला म्हणाली.

तिचे तीन प्रयत्न झाले. मागची चाकं जागच्या जागी फिरली, खडी उडाली, धुळीचा लोट उठला. पहिल्या वेळी ती माझ्याइतकीसुद्धा वर गेली नाही. दुसऱ्या वेळी त्याहून कमी. तिसऱ्या वेळी गाडी तिरपी होऊन मागे घसरली आणि एका दगडावर आदळली. मागचा दिवा फुटला, शैलाचा ओठ दाताखाली येऊन फाटला. ती उतरली तेव्हा हनुवटीवर रक्त होतं. चढ्ढा म्हणाला, "भाभीजी, रहने दीजिए. कोई बात नहीं." त्याचा भाऊ म्हणाला, "ये लेडीज़ के बस का नहीं है जी." तिने किल्ली माझ्या हातात दिली.

आता हबकडे येतो. बरीच वर्षं मी स्वतःला असं सांगत आलो की त्या गडबडीत हब लॉक करायचे राहून गेले. माणूस आहे, विसरतो. पण — राहून कसे जातील? माझ्या तिन्ही प्रयत्नांत ते लॉकच होते. शैलाने वाळू पार केली तेव्हापासून लॉक होते. जे लॉकच आहे ते लॉक करायचं कसं राहील?

मी ते फ्री केले. ती सीट पुढे ओढून बसत होती, आरसा नीट करत होती. मी म्हणालो, "थांब, हब एकदा बघतो." वाकलो, डावीकडची चकती फिरवली. मग गाडीला पुढून वळसा घालून उजवीकडे गेलो. त्या वळशात आठ-दहा पावलं होती. आठ-दहा पावलांत माणसाला थांबता येतं. मी थांबलो नाही. काचेतून तिने माझ्याकडे बघितलं आणि हसली — भीती वाटत होती तिला, आणि आनंदही होत होता. मी उजवीकडची चकती फिरवली.

"हब?" तिने विचारलं.

"लॉक," मी म्हणालो.

मला तिचा हेवा वाटला होता. दुसरा कुठलाही शब्द वापरला तर ती पुन्हा फाइल होईल. ती चढली असती. मला ते माहीत होतं, आणि ते मला त्या दोन माणसांसमोर बघायचं नव्हतं.

यापुढचं कदाचित त्याहून वाईट आहे. परत निघताना, डांबरी रस्ता आला की हब पुन्हा फ्री करायचे असतात. ते फ्रीच होते. तरी मी गाडी थांबवली, उतरलो, दोन्ही चाकांपाशी वाकलो, फिरवायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ तिथे राहिलो, आणि हात झटकत परत आलो. शैला रुमालाने ओठ दाबून समोर बघत होती.

जयपूर हायवेवर चहाला थांबलो. तिला चहा झोंबत होता, ती फुंकून फुंकून पीत होती. आणि तिने मला विचारलं, "माझं नक्की काय चुकलं?" रडवेली वगैरे नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं; पहिल्या गिअरमध्ये होते ना, क्लच पूर्ण सोडला होता ना, सरळ रेषेत होते ना, असं एकेक ती आठवून बघत होती. मी म्हणालो, "तू शेवटी पाय काढलास."

ती म्हणाली, "नाही हो. मी नव्हता काढला."

मी म्हणालो, "आपल्याला कळत नाही. भीतीने आपोआप निघतो. मी बाहेरून बघत होतो."

तिने कप बाकावर ठेवला. मग म्हणाली, "असेल. निघाला असेल."

जूनमध्ये ती स्पितीला गेली नाही. मैत्रिणींना तिने फोनवर सांगितलं — मी शेजारच्या खोलीत पेपर वाचत होतो — "गाडीचं ठीक आहे गं, माझंच नाही जमत. ऐन वेळी पाय निघतो माझा. तुमचा जीव कशाला धोक्यात घालू?" मी पेपराचं पान उलटलं. बेत मोडला. त्यानंतर ती शहरातही कमी चालवू लागली, आधी रिंग रोड सोडला, मग पावसात नको, मग संध्याकाळी नको. लायसन्सची मुदत संपली तेव्हा तिने ते पुन्हा करून घेतलं नाही. मी आग्रह केला का? एकदा केला, तिने नाही म्हटल्यावर लगेच सोडून दिला. गाडी मग आम्ही विकली. नकाशा कुठे गेला मला माहीत नाही. मी शोधला नाही.

सांगायला वेळ मिळाला नाही, असं म्हणण्याची सोय नाही. पंचवीसहून जास्त वर्षं आम्ही एका टेबलावर जेवतोय.

मागच्या दिवाळीत मुलगी आणि जावई नोएडाहून आले होते. पार्किंगमध्ये मुलीने गाडी खांबाला घासली होती, आणि जावई जेवताना त्यावरून तिची चेष्टा करत होता. माणूस वाईट नाही, पण थांबत नव्हता. आता खांबांनाच हेल्मेट घालावं लागेल, असलं काही तरी. मुलीचा चेहरा उतरत चालला होता. तेव्हा शैलाने वाढता वाढता डाव खाली ठेवला आणि त्याला म्हणाली, "एक सांगू? मी एकदा यांची गाडी दगडावर आपटली होती. चार लोकांसमोर. चूक सर्वस्वी माझी होती, घाबरून पाय काढला मी. दुसरा कुणी असता तर जन्मभर ऐकवलं असतं. यांनी आजपर्यंत त्यावरून मला एक शब्द बोलून दाखवला नाही. एक शब्द नाही. शिका जरा यांच्याकडून."

जावई ओशाळला. खरंच ओशाळला. मुलीला म्हणाला, "सॉरी यार." मुलीचे डोळे भरले होते आणि ती माझ्याकडे बघत होती, लहानपणी शाळेच्या फाटकातून बघायची तशी. तिघंही माझ्याकडे बघत होते.

मी म्हणालो, "त्यात काय एवढं."