हाजराबाबूंनी तिसऱ्यांदा विचारलं

मी काही लिहिणारा माणूस नाही. बँकेत होतो तेव्हा साधी पत्रंसुद्धा आधीच्या फाइलमधून उतरवायचो. पण हाजराबाबूंबद्दल कुणीतरी लिहायला हवं, आणि आपल्या कोलकात्याच्या मराठी मंडळात त्यांना ओळखणारा बहुधा मी एकटाच.

पूर्णेंदू हाजरा साठीला आलेत. रोज सकाळच्या गाडीनं सियालदहला उतरतात आणि एका झेरॉक्सच्या दुकानात मागच्या बाजूला बसून जुने कॉम्प्युटर दुरुस्त करतात. पूर्वी रेडिओ दुरुस्त करायचे. रेडिओ येईनासे झाले तेव्हा चाळिशी उलटलेली असताना स्वतःचं स्वतः हे शिकले.

आमचा कॉम्प्युटर चौदा वर्षांचा. आमच्या मुलानं, सारंगनं, त्यात विंडोजच्या जागी लिनक्स घालून दिलं होतं. पुण्याला जाताना त्यानं दुसरी डिस्क बसवून सगळं तिच्यावर नव्यानं घातलं आणि पहिली रिकामी करून आतच राहू दिली. माझी पत्नी शकुन त्यावर रविवारच्या मराठी वर्गाचे धडे लिहिते. इथं वाढलेल्या मुलांना महाराष्ट्रातली पुस्तकं जड जातात, म्हणून ट्राम, हावड्याची फेरीबोट असे विषय घेऊन तिनं बासष्ट धडे केले. आठ वर्षांचं काम. पेन ड्राइव्हवर उतरवून ठेवा, असं सारंग दर फोनला सांगायचा. ते काम माझ्याकडे होतं. मी केलं नव्हतं.

दसऱ्याच्या सकाळी मशीन सुरू होईना. काळ्या पडद्यावर डिस्कवरचं पार्टिशन, म्हणजे ठरलेला भाग, सापडत नसल्याची एक ओळ आणि खाली ‘ग्रब रेस्क्यू’ हे न कळणारे शब्द, एवढंच. इथं लक्ष्मीपूजा कोजागरीला असते, तोपर्यंत सगळी दुकानं बंद. मग एस्प्लनेडजवळ एका दुकानात नेलं, तर त्यांनी सगळं पुसून नव्यानं घालू म्हणून सांगितलं. मी कॅबिनेट उचललं आणि विचारत विचारत हाजराबाबूंकडे पोचलो.

त्यांनी आधी पडद्यावरची ओळ वहीत उतरवून घेतली. मग विचारलं, बंद पडण्याआधी काय केलं होतंत? मी म्हटलं, काही नाही. त्यांनी आपल्या पेन ड्राइव्हवरून मशीन चालू करून पाहिलं. पहिली डिस्क दिसत होती, रिकामी. दुसरीचा पत्ताच नव्हता. त्यांनी पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच सांगितलं.

तासाभरानं ते म्हणाले की दुसरी डिस्क गेलेली दिसते. काढून डेटा मिळवणाऱ्यांकडे पाठवू, पण हमी कुणीच देणार नाही. स्क्रूड्रायव्हर हातात घेऊन ते थांबले.

“उघडण्याआधी तिसऱ्यांदा विचारायचं, हा माझा नियम आहे, दादा.”

मग मी सांगितलं. खंडेनवमीला पूजेसाठी मी कॅबिनेट उघडून पुसलं होतं. आतला गोल, चपटा सेलसुद्धा काढून पुसला, त्यावर हळदकुंकू लावलं आणि परत बसवला. जन्मभर बँकेत अधिकारी म्हणून वावरलेल्या माणसाला हे सांगायची लाज वाटली.

ते हसले नाहीत. म्हणाले, “विश्वकर्मा पूजेला मी इथल्या एकेका पकडीला सिंदूर लावतो. फक्त सेल काढत नाही.”

सेल काढला की मशीन आपल्या सेटिंग्ज विसरतं, हे त्यांनी मला न रागावता समजावलं. त्यामुळे दुसरी डिस्क जिथं जोडली होती ती जागा बंद झाली होती आणि मशीन रिकाम्या डिस्कवर लिनक्स शोधत होतं. त्यांनी सेटिंग्जमध्ये जाऊन ती जागा चालू केली, दुसऱ्या डिस्कला पहिला क्रमांक दिला आणि मशीन सुरू केलं. आमचा नेहमीचा निळा पडदा आला. मला हात लावू देण्याआधी त्यांनी धडे पेन ड्राइव्हवर घेतले.

मी शकुनला फोन लावला आणि सेलचं आधी सांगून टाकलं, कारण ते तिच्यापासूनही लपवलं होतं.

“आधी धडे मोजा,” ती म्हणाली. “तुमचं नंतर बघते.”

माझी मोजणी दोनदा चुकली. हाजराबाबूंना हिंदीमुळे देवनागरी येते. त्यांनी एकेक नाव मोठ्यानं वाचत बासष्टपर्यंत नेलं आणि माझ्या हातातून फोन घेतला.

“बौदी,” ते म्हणाले, म्हणजे वहिनी, “सगळे आहेत. आणि दादांना ओरडू नका, त्यांनी स्वतःहून सांगितलं म्हणून सापडले.”

तिसऱ्यांदा विचारल्यावर सांगितलं, हे त्यांनी तिला सांगितलं नाही.