सांडपाण्यावरचं औषध आणि हिराबाई

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही, आणि आता ती ऐकायला नाही. तुम्हाला का सांगतोय, तेही नीट कळत नाही. आत काही हलत नाही — फक्त कुठेतरी लिहिलेलं असावं, एवढंच.

मी कोल्हापुरात एका कॉलेजात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. आता कळंब्याला असतो. माझं नाव झालं ते एका कामामुळे. अळ्या मारणारे जिवाणू असतात, पण त्यांना वाढवायला महागडं खाद्य लागतं. मी ते दुधाच्या कारखान्याच्या सांडपाण्यावर वाढवले. पनीर काढून उरलेलं पाणी नाल्यात जायचं. ते कॅनमधून आणायचं, उकळायचं, निवल्यावर त्यात जिवाणू सोडायचे. तीन दिवसांत औषध तयार. माणसाला, म्हशीला काही होत नाही; पानाबरोबर पोटात गेलं की अळी मरते. काम खरं होतं — म्हणूनच हे सांगणं जड जातं.

औषध झालं की नाही, ते सूक्ष्मदर्शकाखाली दिसतं. प्रत्येक जिवाणूच्या पोटात एक चमकता ठिपका हवा. तो बीजाणू. तो धरतो तेव्हाच अळीला मारणारा कण तयार होतो. ठिपका नाही तर बाटलीत नुसतं आंबलेलं पाणी. हे मी वर्षानुवर्षं वर्गात शिकवलं.

बऱ्याच वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात गारगोटीकडच्या एका वाडीत, बचत गटाच्या बायकांना बाटल्या वाटायचं ठरलं. पाहुणे बोलावले होते, मांडव घातला होता. आदल्या दिवशी मी सूक्ष्मदर्शकाखाली काचपट्टी पाहिली. ठिपके नव्हते. कारखान्यातून त्या खेपेला टाक्या धुतलेलं सोड्याचं पाणी मिसळून आलं होतं; जिवाणूंची वाढच रखडली होती. दुसरी पट्टी केली. तिसरी केली. मग दिवा बंद केला, आणि बाटल्या भरायला सांगितल्या. भीती वाटली होती का? आठवत नाही.

मांडवात मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा बजावली — उन्हात फवारू नका, उन्हानं औषधाचा जोर जातो. ती गोष्ट खरीच आहे. पुढे तीच माझ्या कामी आली.

गटाच्या प्रमुख आक्काताई. त्या आणि त्यांची धाकटी जाऊ हिराबाई मिळून कोबी करायच्या. गटाचा एकुलता पाठीवरचा पंप हिराबाईंकडे; आधी त्यांच्याच कोबीवर मारून बघायचं, मग बाकीच्यांनी, असं ठरलं होतं. दहा दिवसांत त्या कोबीची चाळण झाली. मला बोलावणं आलं. बांधावर पंधरा-वीस बायका उभ्या. मी एक पान उलटून पाहिलं — अळ्या धडधाकट होत्या — आणि विचारलं, "फवारलं कधी?"

"दिवस मावळताना की, सर," हिराबाई म्हणाल्या. "आक्का धारा काढाय गेलत्या, तवा."

"म्हणजे बघायला कुणी नव्हतं."

मागून कुणीतरी म्हणालं, "दुपारीच उरकलं असंल! सांजची टीव्हीवरली शिरेल चुकंल न्हवं!" बायका हसल्या. मीही हसलो. मग म्हणालो, "जिवाणू खोटं बोलत नाहीत, बाई."

एकट्या आक्काताई हसल्या नाहीत. "हिरे, सर काय उगं म्हणत्यात व्हय? खरं सांग."

"आक्का, तुमच्या गळ्याशपथ."

"माझा गळा मधी आणू नगंस," आक्काताई म्हणाल्या आणि बांधावरून चालू लागल्या. हिराबाईंनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात ते पान होतं. तोंड उघडायला किती वेळ लागला असता?

उरलेल्या बाटल्या परत घेतल्या आणि पुढची खेप मी नीट केली. पाणी तपासून घेतलं, ठिपके मोजून घेतले. पंप दुसऱ्या बाईला दिला गेला आणि अळ्या मेल्या. म्हणजे चूक हिराबाईंचीच, हे सिद्धच झालं. त्यांनी गट सोडला. पाडव्याच्या आत दोघी जावांच्या चुली वेगळ्या झाल्या. त्याच वाडीत माझा शाल-नारळ देऊन सत्कार झाला. आक्काताईंनीच दिला. मी घेतला.

गेल्या महिन्यात गारगोटीच्या बाजारात गेलो होतो. मेथीच्या पेंड्या मांडून एक म्हातारी बसली होती. तिनंच ओळखलं. "सर न्हवं तुमी?" मग शेजारणीला सांगू लागली, "लई मोठा माणूस हाय. उन्हात मारू नगा म्हून ह्यांनी सांगितलतं. मीच मारलं दुपारचं. कबूल कराय लाज वाटली तवा. आक्का गेली, तिला सांगायचं ऱ्हायलं बघा."

हे हिराबाई मनापासून म्हणत होत्या. मी चेहरा नीट पाहिला. त्यांना आता तसंच आठवत होतं.

त्यांनी एक पेंडी माझ्या पिशवीत घातली. पैसे घेतले नाहीत. मी "बरंय" म्हणालो आणि कोल्हापूरची एसटी धरली.