हौशीरामची मिशी

सुगनचंदला हौशीराम नीटसा माहीत नव्हता, हे आधीच सांगितलेलं बरं. मंचरच्या बाजारपेठेत मोहनलालशेटच्या कापडदुकानाच्या ओट्यावर शेटचा हा मुलगा आणि हौशीराम वर्षानुवर्षं शेजारी बसले. पण हौशीरामला गोड आवडायचं की तिखट, एवढंसुद्धा त्याला कधी सांगता आलं नसतं. हौशीरामची मिशी उतरताना मात्र त्याने पाहिली होती. आरसा त्यानेच धरला होता.

हौशीराम हा रखमाजींचा थोरला. घरी बागाईत, बैल, विहीर, सगळं होतं. प्लेग ओसरल्यावर नाटक मंडळ्या पुन्हा जुन्नरला येऊ लागल्या. तिथे कनातीचा मंडप उभा राहिला की हौशीराम मिळेल त्या गाडीतून जायचा, गाडी नसली तर पायी. परतला की ओट्यावर सगळं नाटक एकटा करून दाखवायचा. स्त्रियांची कामं तेव्हा पुरुषच करीत, आणि याचं सगळं लक्ष त्यांच्यावरच. "लुगडं झकास नेसलंय गडी," तो म्हणायचा, "पन चालतोय पाटलावानी."

मग तो दुकानात येणाऱ्या बायांना निरखू लागला. एकदा ठकूबाई खवळली.

"काय रं मेल्या, बायांकडं टक लावून बघतोस?"

"मावशी, तुमच्याकडं न्हाई. तुमच्या हाताकडं."

"हाताला काय झालं माज्या?"

हौशीरामने गादीवरचं लुगडं उचललं, पदराचं टोक दातात धरलं, काठ अंगठ्याने चोळला आणि नाक मुरडलं. "रंग जाईल वो ह्याचा, शेट!"

सगळं दुकान हसलं. ठकूबाईच जास्त हसली. "मुडद्या, ही तर मीच की!"

पुढे एका मंडळीचा सख्यांची कामं करणारा नट जुन्नरच्या मुक्कामात तापाने पडला. मंडळीच्या मालकाने हौशीरामला उभं करून दोन वाक्यं म्हणून घेतली आणि म्हणाला, "उद्या ये. पण ही मिशी घेऊन येऊ नकोस."

इथेच घोडं अडलं. बाप जिवंत असताना मिशी उतरवायची नसते. ती उतरते बापाला पोचवल्यावर. रखमाजींनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "उतरव. पन मग मी मेलो समज, आन् ह्या उंबऱ्यात पाय ठेवू नगंस."

"जित्या मानसाला मेला समजायचं, एवढं मोठं सोंग मला जमायचं न्हाई, आबा. मिशी तेवढी उतरवतो."

गेणभाऊ न्हाव्यापुढे तो जाऊन बसला. गेणभाऊने पाण्याची वाटी उचलली आणि तशीच खाली ठेवली. "रखमाजीला काय झालंय?"

"काय न्हाई. मोट हाकत्यात."

"मग माजा वस्तरा न्हाई चालायचा, बाबा."

हौशीराम दुकानात आला. मोहनलालशेट जेवायला गेले होते. त्याने कापडाची कात्री घेतली, मग कुठूनसा आणलेला वस्तरा. सुगनचंद आरसा धरून दाराकडे बघत होता.

"धर की नीट! ओठ कापला तर गानं कोन म्हनंल, तू?"

काम झालं. ओठ कोवळा, परक्याचा दिसत होता. बाहेर आठवड्याचा बाजार भरलेला. सुगनचंद म्हणाला, "मागल्या बोळानं जा."

"का? चोरी केलीया?"

तो भर बाजारातून गेला, मान वर करून. गड्यांनी फेटे हातात घेतले. कुणी विचारलं, "कवा गेले रं?" हा सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला, "आबा धडधाकट हायत! मी नाटकात चाललोय!" पण भाजीवाली सरूबाई पाटी टाकून गळा काढत केव्हाच हौशीरामच्या घराकडे धावली होती. दारात रखमाजी स्वतः उभे. "कोन गेलं गं, सरू?"

पुढच्या बाजाराला रखमाजी तांबडा फेटा बांधून, मिशांना तूप लावून भर चौकात येऊन बसले. घ्यायचं काही नव्हतं, विकायचं काही नव्हतं. लोकांनी बघावं, एवढंच.

जुन्नरचा तो खेळ सुगनचंदने पाहिला. सखीला बोलायला फारसं नव्हतंच. हौशीरामने राजकन्येचा शेला हातात घेतला आणि काठ अंगठ्याने चोळून बघितला. बायकांच्या बाजूला खसखस पिकली. मंडळीने त्याला सोडलं नाही.

सखीची राणी झाली, राणीची पुढे सासू. मंडळी जुन्नरला आली की तो मंचरला यायचा, ओट्यावर बसायचा, आणि घराकडे न फिरकता परत जायचा. रखमाजी समोरून जाताना मिशीला पीळ द्यायचे. हा आपल्या ओठावरून बोट फिरवायचा. तो गेला की मात्र रखमाजी दुकानाशी थबकायचे. "जेवतंय का नीट ते बेनं?"

अखेर रखमाजी खरोखरच गेले. हौशीराम निरोप मिळाल्याबरोबर आला. नदीवर गेणभाऊने त्याचं डोकं केलं आणि वस्तरा ओठाशी अडला. काढायला काही नव्हतंच. भाऊबंदांत कुणी पुटपुटलं, "ह्यानं आदीच उरकून घेतलंय."

"फिरव, गेणभाऊ," हौशीराम म्हणाला.

"काय फिरवू? कोरा हाय."

"तवा न्हाई म्हनलास. आता फिरव."

गेणभाऊने कोऱ्या ओठावरून वस्तरा फिरवला, सावकाश, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. हौशीरामने डोळे मिटले नाहीत.

तेराव्याला भाऊबंद म्हणाले, आता मिशी राख, शेत बघ. तो म्हणाला, "शेत धाकटा बघंल. नाशकाला मी सासू हाय." आणि गाडीकडे निघाला.

वाटेत दुकानाशी थांबला. बोडक्या डोक्यावर टोपी सैल होत होती. गादीवरच्या लुगड्याचा काठ त्याने अंगठ्याने चोळून पाहिला.

"हे ठेव बाजूला. परत येताना नेतो."

"रंग जाईल ह्याचा," सुगनचंद म्हणाला.

"जाऊ दे. सासूला चालतं."