गुरुवारचा डबा

हिर्डोशीच्या फाट्यावर एसटीची वाट बघत आम्ही दोघी उभ्या होतो, तेव्हा आईनं माझ्या पिशवीत पत्र्याचा एक डबा कोंबला. लॅबच्या कोर्ससाठी मी पुण्याला निघाले होते. डब्यात कांदा-खोबऱ्याचं वाटण होतं, तेल सुटेपर्यंत परतून पार कोरडं केलेलं. "पंधरा दिस काय व्हत न्हाई त्याला," एवढंच ती बोलली. गाडी हलल्यावर मी मागं वळून बघितलं, तर ही बाई पाठ फिरवून शेताकडं चाललेली. मला भारी राग आला होता. तिला रडू लपवायचं होतं, हे कळायला मला स्वतःची मुलगी व्हावी लागली.

गौरी झाली तेव्हा आई महिनाभर राहून गेली. जाताना म्हणाली, "लेकराच्या ताटात शिळं वाढायचं न्हाई." हे वाक्य माझ्या मानेवर बसलं ते बसलंच.

कारण पुण्यात आमच्या धायरीच्या घरात ताजं फक्त रविवारी असतं. मी सकाळी सहाला लॅबमध्ये, नवरा कंपनीची बस चालवतो, त्याची शिफ्ट दर आठवड्याला बदलते. म्हणून रविवारी सकाळी गॅस पेटतो तो दुपारीच बंद होतो. मटकीची उसळ, आमटी, पालकाची भाजी, पुढच्या भाज्यांसाठी वाटण. सगळं गार करून डब्यांत भरायचं, गौरी वर चिठ्ठ्या चिकटवणार, सोमवार ते शुक्रवार, आणि डबे फ्रीजरमध्ये. आमच्या बिल्डिंगमध्ये अर्ध्या बायका हेच करतात, कुणाला त्याचं काही वाटत नाही. पण संध्याकाळी आईचा फोन यायचा, "काय केलंस गं आज?" आणि मी बिनधास्त सांगायचे, "आत्ताच भाजी टाकली, आये." एकदा मागं मायक्रोवेव्ह वाजला. "काय वाजलं?" घड्याळ, म्हटलं. तुम्ही जे गावाकडंच राहिलात ते हसाल. जे माझ्यासारखे बाहेर पडलेत त्यांनी स्वतःची घड्याळं आठवावीत.

यंदा आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला आमच्याकडं आली. मी डबे मटारच्या पिशव्यांमागं दडवले आणि रोज पहाटे चारला उठून ताजं रांधायला लागले. तिसऱ्या दिवशी लॅबमध्ये एका आजोबांच्या रक्ताच्या बाटलीवर दुसऱ्याच माणसाचं लेबल लावता लावता थांबले. असंच चाललं तर माझ्या हातून कुणाचं तरी वाईट होणार, हे मला स्वच्छ दिसलं.

त्याच दिवशी सकाळी नवरा आईला डोळ्याच्या डॉक्टरकडं घेऊन गेला होता. घरातून शेवटी बाहेर पडली ती आई. आमच्या डोंगरात विजा पडतात, त्यामुळं मेनचा खटका पाडल्याशिवाय तिनं जन्मात घराला कुलूप लावलेलं नाही. इथंही तिनं तो पाडला, फ्रीजसकट सगळं बंद. नवरा तिला दारात सोडून तसाच ड्युटीवर गेला, खटका वर करायचं राहूनच गेलं.

संध्याकाळी मी घरी आले, तर स्वयंपाकघरात पाणीच पाणी. मधोमध पाटावर आई, भोवती पाच डबे. ती तिसरीपर्यंत शिकली आहे, वार तिला वाचता येतात.

"ही आठवड्याची बेगमी व्हय?"

मला रडूच फुटलं. "आम्ही शिळं खातो, आये. कायमच. मी खोटं सांगत आले तुला."

तिनं डबे पुढ्यात ओढले. एकेक डबा उघडून वास घेतला. पालक बाजूला सारला, "ह्यो गेला." बाकीच्यांत अजून बर्फाचा गोळा होता. मग उठून गॅस पेटवला.

"भातलावणीत म्या काय ताजं रांधत हुते का?" ती कढईकडं बघत म्हणाली. "दिसभर चिखलात. सकाळच्या भाकरीचा कुस्करा केला की तुमी नाचायचा."

खरंच नाचायचो. कांदा-मिरची घालून परतलेल्या त्या कुस्कऱ्यासाठी आम्हा भावंडांत मारामाऱ्या व्हायच्या. आम्हाला वाटायचं, आज काहीतरी खास केलंय.

"मग मला कशाला सांगितलंस तसं?"

"वाटायचं, तुजं तरी दिस येगळं आसतील."

मी पिशवी खाली ठेवली. तिच्या शेजारी उभी राहून आमटी उकळवली. वाटण तिनं कोरडं होईपर्यंत परतलं, माझ्या त्या पहिल्या डब्यातलं होतं अगदी तसं. दुसऱ्या दिवशी मी सहाच्या ड्युटीला पाचला उठले. लॅबमध्ये प्रत्येक बाटलीवर ज्याचं त्याचं लेबल लागलं.

ऑपरेशन नीट झालं, आई पंधरा दिवस राहिली. गौरीनं मेनच्या खटक्याखाली कागद चिकटवलाय, "आजी, फ्रिज चालू आहे." तो मी काढणार नाही. मला आता कुणी घर कुठं विचारलं, तर जिथं "काय केलंस" याचं खरं उत्तर देता येतं ते घर, एवढंच सांगेन. हिर्डोशीही आता पुन्हा त्यात आली, याचं मला फार बरं वाटतं.

आई परत निघाली तेव्हा स्वारगेटला तिला भोरच्या गाडीत बसवलं, भाऊ भोरला घ्यायला येणार होता. मी खिडकीतून गरम करून आणलेल्या उसळीचा डबा दिला. चिठ्ठी तशीच होती, गुरुवार.

"कवाचं हाय?"

"रविवारचं."

तिनं डबा पिशवीत न ठेवता मांडीवर घेतला. तासाभरानं, भोर यायच्या आधीच, फोन आला, "कापूरहोळ आलं. डबा संपला बग."